अंगण वाकडंच होतं

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे आणि त्याच्या सहा नोकऱ्या टेबलांनी खाल्ल्या. टेबल किंवा खुर्ची जराशी डुगडुगली तरी त्याला सहन होत नाही. मग समोर साहेब बोलत का असेनात, हा खाली वाकून पायाखाली कागदाची घडी सारणार.

भाऊ ऑटिस्टिक आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पुढे करायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी त्याला ऑक्युपेशनल थेरपीच्या बाईंकडे नेलं. त्यांनी मला त्याचे गुण लिहून आणायला सांगितले. मी पान दोन्ही बाजूंनी भरून नेलं. बाईंनी ते वाचून परत दिलं, कारण बावीसच्या बावीस दोषच होते. मला रागच आला. मी काय हौसेनं लिहिले होते? तोवर भाऊ त्यांच्या टेबलाखाली शिरला होता. बाई उरलेला तास त्याच्या बुटांशी बोलल्या आणि म्हणाल्या, हा माणूस खुर्च्यांच्या कारखान्यात हवा.

त्यांच्या ओळखीच्या एका सुतारकाकांनी एक दिवस बघायचं कबूल केलं. तयार खुर्च्या तपासायच्या, एवढंच काम. निघताना भाऊ म्हणाला, "ताई, या वेळी हाकललं तर मी पुन्हा कुठेच जाणार नाही." तो म्हणतो ते करतो. म्हणून मी रजा काढून सोबत गेले.

तासाभरात त्यानं बाराच्या बारा खुर्च्या नापास केल्या. काकांचा पारा चढला. त्यांनी एकेक खुर्ची दाराजवळच्या ठरलेल्या जागी ठेवून वर बसून दाखवलं. एकही हलली नाही. वीस वर्षं याच जागी खुर्च्यांचे पाय तासतोय, ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाची तक्रार आलीच तर दोष त्याच्या घरच्या फरशीचा असतो.

मी पर्स उचलली. सातवी नोकरी जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकली नव्हती.

भाऊ मात्र पालथा पडून, फरशीला गाल लावून बघत होता. "खुर्च्या या जागेपुरत्या सरळ आहेत," तो म्हणाला. "जागा वाकडी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," काका म्हणाले. तरी त्यांनी पाणसळ आणून फरशीवर टेकवली. आतला बुडबुडा डावीकडे पळाला. वीतभर पुढे सरकवली, तर उजवीकडे. काका जवळच्या खुर्चीत बसले. वीस वर्षांत तक्रार घेऊन आलेल्या कोणाकोणाला परत पाठवलं ते बहुधा आठवत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा काकांनी त्याला उद्या आठला बोलावलं होतं, आणि आठ म्हणजे नक्की आठ का, हे तो विचारत होता.

घरी जेवताना मी सहज विचारलं, आपल्याकडे काय काय डुगडुगतं.

"हे टेबल," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, निदान घरात तरी चालवून घे. अकरा वर्षं घेतोय."

उठून मी पर्समधलं ते बावीस दोषांचं पान आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं न वाचता चार घड्या घातल्या आणि टेबलाखाली गेला.

"नेमकं बसलं," खालून आवाज आला.