फॉर्मवरचं दुसरं नाव

खोटं बोलायला मला पाच सेकंदही लागले नव्हते. बोलून झाल्यावर मी डबा उघडला आणि पोटभर जेवले, हेही सांगून टाकते.

आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमध्ये मी ऑफिस सांभाळायची. २००३ साली आमच्या हैदराबादच्या मालकांना एकाएकी कामगारांच्या डोळ्यांचा कळवळा आला आणि त्यांनी सगळ्यांचा डोळ्यांचा विमा उतरवला. वर्षाला एक तपासणी, एक चष्मा. कामगाराला, आणि त्याच्या घरातल्या आणखी एका माणसाला. फॉर्म भरून घ्यायचं लचांड अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. साठ माणसं आणि साठ शंका. एकानं तर चष्म्याऐवजी गॉगल मिळेल का म्हणून विचारलं. मी मूळचीच तापट; दुपारपर्यंत माझा घसाही बसला होता आणि डोकंही फिरलं होतं.

सगळ्यात शेवटी दौलत आला. फाटकावरचा वॉचमन, भीमपूरचा. त्याच्या बायकोचं नाव लिहायला मी पेन टेकवलं, तर म्हणाला, "खुशालचं लिवा, मॅडम. पोराचं."

खुशालचं सगळ्या मिलला माहीत होतं. इंटरला, म्हणजे बारावीला, नापास झाला म्हणून बापानं थोबाडीत मारली, चष्मा फरशीवर पडून फुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा घरातून निघून गेला. चष्म्याशिवाय. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. एकुलता एक.

"जो घरातच नाही त्याचं नाव कशाला? रुख्मिणीबाईंचं लिहिते. त्यांना लांबचं दिसत नाही म्हणता ना?"

"बायको तं घरीच हाये. पोराचं काय?" दौलत टेबलाला धरून उभा राहिला. "त्याले चष्म्याबिगर बसची पाटी दिसत नाई, मॅडम. कोनाले इचारून बसला असन, कोन्या गाडीत बसला असन? साऱ्या कंडक्टरायले इचारलं मी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यानं कुठी चष्मा घेतला, तं तुमाले समजन का?"

दुकानात कार्ड दाखवलं तरच विमा चालतो, आणि खुशालचं कार्ड तर बापाच्याच खिशात राहणार. एवढं समजावून सांगायला पंधरा मिनिटं गेली असती. मला भूक लागली होती.

"समजेल ना," मी म्हटलं. "कुठंही घेतला तरी बिल इकडंच येतं. दुकानाच्या पत्त्यासकट."

त्यानंतर पाच वर्षं दर मार्चमध्ये कंपनीकडून यादी आली, कोणी कुठं चष्मा घेतला त्याची. यादी आली की दौलतला कुठून वास लागायचा कोण जाणे. टोपी काढून दारात उभा.

"आलं का काई, मॅडम?"

"नाही, दौलतभाऊ."

"टाइम भेटला नसन त्याले," म्हणायचा आणि फाटकावर परत जायचा. एका वर्षी म्हणाला, "नंबर वाढला असन आता. लहानपनापासून वाढूनच राह्यला होता." दुसऱ्या वर्षी नुसता यादीकडं बघत राहिला. नागपूरचं एक दुकान होतं तिच्यात, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावापुढं. ते नाव मला दोनदा वाचायला लावलं.

खरं सांगायचं तर मी दर वर्षी ठरवायची की यंदा सांगून टाकू. आणि दर वर्षी त्याचं ते आशेनं भरलेलं तोंड बघितलं की मी यादी मिटून ठेवायची. भित्री आहे मी. माझा सगळा तापटपणा तोंडापुरताच.

२००८ साली खुशाल पंचवीस वर्षांचा झाला. पंचवीस झालं की मुलाचं नाव निघतं. कॉम्प्युटरच घेत नाही. आता सुटका नव्हती. दौलतला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. कार्डाचं, बिलाचं, माझ्या भुकेचं सुद्धा.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"खोटं तं खोटं," तो म्हणाला. "पन नाव राहू द्या ना, मॅडम. कुठी तं लिवलेलं राहीन. रेशन कार्डातून बी काटलं त्याले."

"नाही राहत हो, दौलतभाऊ."

तो उठला. त्या दिवशी पहिल्यांदाच मला सलाम न करता गेला.

दुसरं नाव मी रुख्मिणीबाईंचं घातलं. दौलत रजा टाकेना, म्हणून त्यांना बसस्टँडजवळच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेले. हडकुळ्या, शांत बाई. इचोड्याच्या शिबिरात मिळालेला एक जवळचा चष्मा होता, तांदूळ निवडण्यापुरता. डॉक्टर म्हणाले, लांबचा नंबर चांगलाच मोठा आहे, इतकी वर्षं काय करत होतात? मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत बसले.

आठवड्यानं चष्मा आला. त्या तो लावून दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. समोर रस्त्यापलीकडं माणसं येत-जात होती. त्या एकेकाचं तोंड बघत होत्या, इतक्या वेळ की मला संकोच वाटायला लागला.

"कुमुदिनीबाई," त्या म्हणाल्या, "यानं आंगनातून सडकेवरचा मानूस वळखू येते का?"

"येईल की. का हो?"

"मागच्या सालची गोठ हाये. कापूस येचाचे दिवस होते, गल्लीत कोनी नव्हतं. मी चुलीपाशी होती. एक मानूस आंगनात आला, पानी मांगे. मी तांब्या नेऊन ठेवला वट्ट्यावर, आन् मांगं सरकली. पानी पेला, पन जाये ना. मंग म्हने, कोनी नाई का घरी? मी म्हनलं, ते ड्युटीवर हायेत, सांजच्याले ये. उभा राह्यला जरा वेळ. मंग गेला."

मी विचारलं, "आवाज?"

"जाड होता. गेला तवा त्याचा आवाज पोरासारखा बारीकच होता, बाई. आता कसा लागत असन, मले काय मालूम?"

"आणि दिसायला? उंच होता? चष्मा होता का त्याला?"

"तेच तं सांगून राह्यली," त्या म्हणाल्या. नजर रस्त्यावरून हलली नव्हती. "मले त्याचं तोंडच दिसलं नाई."