मुंजाजीची सुटका लिहायची राहिली

मी खोडा बोलतोय. खोडा म्हणजे बाभळीच्या दोन जाड फळ्या, एकीवर एक, आणि मधे माणसाच्या घोट्यांपुरती भोकं. वरची फळी उचलायची, पाय ठेवायचे, फळी खाली घेऊन कुलूप लावायचं. मला घडवणाऱ्या सुताराने भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, कुणाला बोचू नये म्हणून. माणसांचं मला हे नवल वाटतं. अडकवतात, आणि वर एवढी काळजीही घेतात!

राज्य निजामाचं होतं. नेकनूरच्या वाटेवरच्या एका गावात, चावडीच्या ओसरीवर माझा मुक्काम. तिथल्या बंकट जमादाराला कायदा तोंडपाठ होता. संशयावरून वॉरंटाशिवाय कुणाला धरलं, तर कारण आणि वेळ पोलिसांच्या रोजनाम्यात लिहायची, आणि चोवीस तासांच्या आत त्याला बीडच्या अदालतीपुढं उभं करायचं. जमादाराने ही मुदत एकदाही चुकवली नाही. तो नावच लिहायचा नाही. नाव नाही तर अटक नाही, आणि अटक नाही तर चोवीस तास सुरूच होत नाहीत. धरलेला माणूस कबूल झाला की मगच दौतीचं झाकण निघायचं. तोवर तो माझ्याकडे.

एका वैशाखात आप्पाराव पाटलांचे दोन बैल नाहीसे झाले. त्याच रानात शेरडं चारणाऱ्या मुंजाजीला जमादाराने धरून आणलं.

"बैल कुठं हायत, बोल बे!"

"मला न्हाई ठावं, साहेब. मी तर शेरडं घिऊन नदीकडं गेलतो."

फळी खाली आली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचा कारकून तपासणीला आला. "कुणाला धरलंय का?" त्याने विचारलं. "न्हाई, कुणालाच न्हाई," मुंजाजीच्या शेजारी उभा राहून जमादार म्हणाला. कारकुनाने मुंजाजीच्या डोक्यावरून नजर नेली आणि मान डोलावली.

त्या दिवसापासून गावाला मुंजाजी दिसेनासा झाला. लोक ओसरीवर येऊन तंबाखू मळत, पावसापाण्याचं बोलत, आणि त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नसे. झाडलोट करणारी भामाबाई त्याच्या पायांवरून केरसुणी फिरवायची. कुणी तरी त्याच्या गुडघ्यावर पटका वाळत घातला. मी लाकूड, पण मलाही भीती वाटली, हा खरंच इथं नाही की काय. घोटे तर माझ्यात होते. गरम, सुजलेले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको साखराबाई भाकरी घेऊन आली. तो हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, मी हाय ना इथं?"

तिने त्याच्या पायावर हात ठेवला आणि तशीच उठून बीडला चालत गेली. अदालतीतल्या पेशकाराने कागद चाळले. या नावाची अटकच नव्हती. "धरलंच नाही त्याला सोडायचं कसं, बाई?" तो म्हणाला. चौथ्या दिवशी परत येऊन तिने जमादाराचे पाय धरले.

"साहेब, माझ्या मालकाला अटक करा. पाया पडते, नाव लिवा त्यांचं."

ओसरीवरची माणसं हसली. सुटकेसाठी रडणारी माणसं मी लई पाहिली होती, अटकेसाठी रडणारी ही पहिलीच.

"उद्या बघू," जमादार म्हणाला.

सहाव्या दिवशी ती सकाळी आली तेव्हा मुंजाजी गार पडला होता. तिने हंबरडा फोडला, गाव धावत आलं, आणि आता तो सगळ्यांना दिसू लागला. मग जमादाराने दौत उघडली. लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचत होता: "मुंजाजी, संशयावरून अटक, आज दुपारी बारा वाजता. एक वाजता पोटात कळ येऊन मृत्यू." मेलेल्या माणसाला अशी अटक झाली.

पाटलांचे बैल पुढच्या आठवड्यात आपले आपण गोठ्यात आले. जमादाराची बदली झाली. ती शिक्षा होती की बढती, मला कळलं नाही.

नवा सिदू जमादार आला. मुंजाजीचं प्रेत काढून नेल्यापासून मी रिकामाच कुलूपबंद होतो. त्याने मला उघडायला घेतलं, तर कुलूप निघालं, फळी निघेना. दोन जवानांनी पहार लावली. सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय. भर उन्हाळ्यात? खरं कारण मला ठाऊक आहे. रोज दुपारी बाराला त्याचे दोन घोटे माझ्यात पुन्हा जिवंत होतात. गरम असतात. एक वाजता गार होतात, पण जात नाहीत.

साखराबाई या नव्या जमादाराकडेही आली. "त्यांची सुटका लिवा."

"बाई, मेलेल्या माणसाची सुटका कशी लिवू?"

"मेल्यावर धरता आलं न्हवं? मग मेल्यावर सोडता कावून येत न्हाई?"

जमादाराने रोजनामा मिटला. ती दर बाजाराच्या दिवशी येत राहिली. मग एका बाजाराला आली नाही, आणि पुढं कधीच आली नाही.

निजामाचं राज्य गेलं, दप्तर गाडीत घालून बीडला गेलं. मी चावडीमागच्या गवतात पडून आहे. खालची फळी वाळवीने खाल्ली, वरची अजून निघत नाही. तुम्ही बीडला गेलात तर रोजनाम्यातलं तेवढं पान शोधा. अटकेच्या ओळीखाली जागा कोरी असेल. तिथं लिहा, मुंजाजीला सोडलं. मात्र हात जोडून सांगतो, दुपारी बाराच्या आत लिहा.