गळ्याशी धरलेलं यंत्र

थायरॉईडच्या कॅन्सरवर आईला किरणोत्सारी औषध दिलं, तशी लेकाने किरणं मोजायचं एक स्वस्तातलं यंत्र मागवलं. ती दवाखान्यातून परतली, तेव्हा दारातच त्याने ते तिच्या गळ्याशी धरलं. ते कोकललं आणि आईची रवानगी मागच्या खोलीत झाली, ताटवाटीसकट.

आज डॉक्टर म्हणाले, "आता नातीला खुशाल घ्या." यंत्रही गळ्याशी गप्प राहिलं. आईने हात पसरले. सुनेने पोरीला आणखी घट्ट धरलं.

"स्वस्तातलं आहे गं आई, त्याचा काय भरवसा?" लेक म्हणाला.

"कोकललं तेव्हा बरा होता रे भरवसा!"

आईने यंत्र घेऊन त्याच्याच छातीला लावलं. चूं नाही की चां नाही.

"चांगलं आहे की," ती म्हणाली. "आत काही नाही, हे बरोबर सांगतंय."