डनफर्मलिनमधलं गाऱ्हाणं

रत्नागिरीला परत येऊन दहा दिवस झाले तरी माझा राग उतरलेला नाही. म्हणून लिहितेय.

दीपककाका स्कॉटलंडमध्ये डनफर्मलिनला असतो. एकेकाळी तिथले लिननचे टेबलक्लॉथ जगभर जायचे. काका राहतो ती इमारतही जुनी गिरणीच. सुट्टीत मी आणि बाबा त्याच्याकडे गेलो. बाबांनी कौतुकाने तिच्या दगडी भिंतीवरून हात फिरवला, तर हा म्हणतो, "दादा, लोक बघतायत." सुट्टीभर हेच. हळू बोल, हाताने जेवू नको.

मग आम्ही तिथल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये गेलो. स्कॉटलंडचे कितीतरी राजे तिथे पुरलेत. रॉबर्ट ब्रूस राजाच्या थडग्यावरची पितळी पाटी दिसताच बाबांनी बूट काढले आणि मोज्यांवर उभं राहून हात जोडले. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात शिमग्याला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचा मान आमच्या घराचा. परक्या गावात गेलं की तिथल्या राखणदाराच्या कानावर आधी घालायचं, हे बाबांचं ठरलेलं. आणि राजा म्हणजे राखणदारच की.

"बा राजा महाराजा, माजा भाव तुज्या गावात ऱ्हातो. त्येची राखन कर..."

आवाज पार छपराला भिडला. काका तोवर दोन खांब मागे सरकला होता. देखरेखीच्या बाईंनी त्याला हळूच इंग्रजीत विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

काका म्हणाला, "नो."

ज्याच्यासाठी गाऱ्हाणं चाललं होतं, तोच.

बाबांना इंग्रजी फार येत नाही, पण 'नो' कळतं. ते मध्येच थांबले. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. आमच्याकडे मुली ते घालतही नाहीत. गेलं उडत. मी पुढे झाले आणि बाबांपेक्षा मोठ्याने सुरू केलं.

"बा महाराजा, ह्यो जो सख्ख्या भावाला वळकत न्हाय म्हनतो, त्याला आपली मानसा वळकायची बुद्धी दे रं महाराजा."

"व्हय महाराजा," मागून आवाज आला. काकाचा.

लहानपणापासून गाऱ्हाण्याच्या घोळक्यात उभं राहून प्रत्येक मागण्याला हेच म्हणत आलेला माणूस, तोंडातून सुटलंच त्याच्या. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. कान लाल करून तो त्यांना म्हणाला, "माझा मोठा भाऊ आहे."

"आता आठवलं काय?" मी विचारलं.

"राही, गप," बूट घालत बाबा म्हणाले. "चल दीपक, पुढचं दाखव."

बाबांनी विषय तिथेच सोडला. मी नाही. काल काकाचा फोन आला, बाबा अर्धा तास हसून बोलले आणि फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. "आधी बाबांची माफी माग," लांबूनच सांगितलं.

अजून मागितलेली नाही.