मुद्दाम पिकवलेले केस

रंगाच्या कारखान्यातले तात्या दर रविवारी न्हाणीघराची कडी लावून केस काळे करायचे. हौस नव्हती हो, नाइलाज होता. कारखाना हाती आल्यापासून धाकट्या मालकाने 'तरुण रक्त, ताजा रंग' अशी पाटी दारावर ठोकली होती, आणि डोकं पांढरं दिसेल त्याच्या हातात फुलांचा गुच्छ देऊन त्याला घरी पाठवायचा सपाटा लावला होता. तात्या साठीला टेकलेले. रंगाला रंग जुळवण्यापलीकडे जन्मात काही केलं नव्हतं, त्यामुळे घरी बसायचा नुसता विचारही त्यांना नको वाटायचा.

अशात समुद्रापलीकडचं मोठं गिऱ्हाईक यायचं ठरलं. त्यांच्याकडे म्हणे वडीलधारं माणूस बसल्याशिवाय कोणी बसत नाही आणि त्याने होकार दिल्याशिवाय सौदा होत नाही. मालकाने कारखानाभर म्हातारा शोधला. सापडणार कुठून? सगळे त्यानेच तर हाकलले होते.

शेवटी त्याने तात्यांना खोलीत बोलावून घेतलं. केस रंगवता हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे म्हणाला, तेव्हा तात्यांची बोबडीच वळली. पण पठ्ठ्याला आता म्हाताराच हवा होता. पाहुण्यांपुढे म्हातारे व्हा, सौदा जमला की तुमच्या खुर्चीला कोणी हात लावणार नाही, असा त्याने शब्द दिला.

बायकोने तात्यांच्या डोक्यावर पावडर थापली आणि उगाच जास्त शहाणपणा करू नका म्हणून बजावलं. तात्या कसले ऐकतात! काठी घेतली, हात थरथरवला, पायरीपायरीला गुडघा धरला. ते आत शिरताच पाहुणे उठून उभे राहिले, चौघं जण खुर्ची सरकवायला धावले. इतक्या वर्षांत त्या इमारतीत तात्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ते जे हरभऱ्याच्या झाडावर चढले, ते खोकूनखोकून बेजार झाल्याचं सोंगही आणू लागले.

पाहुण्यांच्या प्रमुखाला ते बघवेना. दुभाष्यामार्फत तो मालकाला म्हणाला, "ह्या वयात ह्यांना राबवता? आमच्याकडे ह्याची लाज वाटते. उद्यापासून ह्यांना विश्रांती द्या, मग सही करू."

मालकाने लगेच मान डोलावली. तात्यांना दिलेला शब्द कुठे गेला देव जाणे.

तात्या ताडकन उठले. काठी पडली, थरथर थांबली, पावडरीचा धुरळा उडाला.

"अहो, मी ठणठणीत आहे. मला काम करायचंय."

दुभाष्याने ते सांगताच पाहुण्याचे डोळे भरून आले. "बघा," तो म्हणाला, "थोर माणसं थकलो असं कधी म्हणतात का?"

शनिवारी पाहुण्यांकडून आरामखुर्ची आली, चांगली मऊ, पाय पसरायची सोय असलेली. सोबत मालकाचा गुच्छ होताच.

रविवारी तात्या सवयीने न्हाणीघरात शिरले, कडी लावली, वाटीत रंग कालवला. रंगाचा वास येताच बायको दारापाशी आली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आता कोणासाठी?"