आबासाहेबांची तिसरी वाटी

निकिताला रविराज पसंत होता आणि रविराजला निकिता. दोघांचं सगळं फोनवरच जुळलं होतं, आणि नेमकं तेच रविराजच्या आईच्या, विजयमालाबाईंच्या, डोक्यात गेलं होतं. "फोनवर गोड बोलायला काय लागतंय? माणसं सांभाळायची अक्कल हाय का, ते बघू," असं त्या आपल्या गावात, लोणी भापकरात, चारचौघींत बोलल्या, आणि असलं बोलणं निकिताच्या निरवांगीला पोचायला कितीसा वेळ लागतो! आता रविवारी रविराज, विजयमालाबाई आणि वडील आबासाहेब जेवायला येणार होते. बाईंनी मान हलवली तर लग्न, नाहीतर राम राम.

रविराज जपानात नोकरीला, सुट्टीवर आलेला. तिकडं तळलेल्या भाज्या एका पातळ, खारट-गोड सॉसमध्ये बुडवून खातात आणि आपल्याला तो फार आवडतो, असं तो एकदा बोलून गेला होता. झालं! निकितानं तो सॉस घरीच करायचं ठरवलं. इंदापुरातून सोया सॉस आणला. तिकडं गोडीला घालतात ती दारू इथं कोण देणार, म्हणून गुऱ्हाळावरची काकवी घातली. आलं किसलं, तीळ भाजले, उकळी आल्यावर वरनं लिंबू पिळलं. कमी पडायला नको म्हणून अख्खी बाटली ओतली होती. घराण्याचा गुण, जाणार कुठं!

थोरली चुलती फुलाकाकी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"फोडणी कुठाय?"

"ह्याला फोडणी नसती, काकी. आन् वाटीत तळाला जराजराच वाढायचं. भजं टेकवायचं आन् खायचं."

"जराजरा? आगं, पाहुणं जेवायला बोलावल्यात का औषध प्यायला?"

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात लागली. विजयमालाबाई थेट स्वयंपाकघरात आल्या आणि बसायच्या आधी म्हणाल्या, "आमच्या ह्यांची आमटी अळणी ठिवा बरं का. बीपी हाय. दोन वर्षं मी मिठाला शिवू दिलं न्हाय." काकीनं इमानदारीत आमटी अळणी ठेवली. निकिता साडी नेसायला गेली, आणि तिथंच घात झाला. काकीनं आमटीच्या वाट्या घेतल्या आणि सॉस काठोकाठ भरून बाहेर पाठवला. अर्धी वाटी वाढायला आपण काय भिकेला लागलोय?

पुरुषांची पंगत बाहेरच्या खोलीत, बायका आत, मागनं जेवणार. आता ताटात भरली वाटी दिसली की आपला माणूस काय करतो? आबासाहेबांनी भाकरी चुरली, वाटी तिच्यावर उपडी केली, कालवलं आणि घास घेतला. मग ते थांबले. डोळे मिटले. दोन वर्षांनी जिभेला मीठ लागलं होतं हो! बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

निकिता भजी घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे वडील संभाजीराव यजमानाच्या धर्मानं त्यांची वाटी दुसऱ्यांदा भरून मोकळे झाले होते. आबासाहेबांनी ती तोंडाला लावली आणि ताकासारखी भुरकली. कपाळावर घाम, चेहरा लालबुंद, आणि वर मिशीतल्या मिशीत हसू. निकितानं वाटी बघितली आणि तिला उमगलं, ही आमटी नव्हे, सॉस. मीठच मीठ होतं त्यात! रविराजकडं बघावं, तर तो भज्यात मुंडी घालून बसलेला.

आबासाहेबांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "लगीन पक्कं समज. हिला मी बघून घेतो. फकस्त आजून येक वाटी आण. आन् आतमधी बोलू नगंस."

घ्या! ज्यासाठी एवढी खटपट केली, ते एका वाटीवर पदरात पडत होतं. वाढली तर नवरा मिळतो. नाही म्हणावं, तर भरल्या पंगतीत पाहुण्याच्या हातातली वाटी काढणारी पोरगी कोण पसंत करणार? निकिताला रडूच फुटायचं बाकी होतं. क्षणभर तिचा हात पातेल्याकडं गेलासुद्धा.

मग तिनं आबासाहेबांच्या हातातली वाटी ओढून घेतली.

"न्हाय मामा! एक थेंब मिळायचा न्हाय. दोन वाट्या मीठ पोटात गेलंय तुमच्या. लग्न मोडलं तरी चालंल, पण तुमाला काय झालं तर?"

आवाज असा चढला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. संभाजीराव कपाळ धरून बसले. गेलं! पोरीनं हातानं घालवलं!

स्वयंपाकघराच्या दारात विजयमालाबाई उभ्या होत्या. "किती वाट्या?"

"येकच," आबासाहेब म्हणाले.

"दोन," निकिता म्हणाली.

बाई पुढं आल्या. निकिताच्या हातातली वाटी त्यांनी घेतली, तळाला बोट फिरवून चाखलं आणि नवऱ्याकडं असं बघितलं की ते जागच्या जागी निम्मे झाले. मग वळून म्हणाल्या, "संभाजीराव, भटजीला फोन लावा. तारीख काढा. आन् पोरी, बीपीचं मशीन माझ्या पिशवीत हाय, आण जा."

निकिता हसतही होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. आबासाहेब मात्र उसळून उठले.

"मला पोरगी पसंत न्हाय! घरात येक पहारेकरीण हाय तेवढी बास हाय!"

"दंड पुढं करा, मामा," निकिता पट्टा गुंडाळत म्हणाली.