रविवारचा रीस्टार्ट

"मी जेवायला गेलो होतो तेव्हा सर्व्हरला हात कुणी लावला?"

"कुणीच नाही, सर," नवी बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

कुणीच नाही म्हणे! मग मेमरी काय भुतानं खाल्ली? गेली सोळा वर्षं हा सर्व्हर मी सांभाळतोय, कधी कुरकुर नाही. ही आली दोन महिन्यांपूर्वी, आणि तेव्हापासून दर दहा-बारा दिवसांनी मशीन गुदमरतंय. मला काय कळत नाही? खर्च कमी करायचा म्हणून वर्षअखेरीला आम्हा दोघांतला एकच जण राहणार होता. बायको म्हणते, "तुम्हाला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो." तिला काय माहीत ऑफिस! मी सकाळीच साहेबांना लेखी कळवून टाकलं होतं की बिघाड हीच करते, हिला काढा.

त्यामुळे ती "सर, जरा बघता का?" म्हणाली तेव्हा मी सावधच होतो.

स्क्रीनवर मीच लिहिलेली प्रोग्रामची स्क्रिप्ट होती. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची दर मिनिटाला खबर घेणारी, अखंड चालू असलेली.

"दर वेळी प्रत्येक कॉम्प्युटरसाठी इथं मेमरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एक कप्पा, तयार होतं. काम झालं की ते सोडायला हवं. ती सोडायची ओळच नाहीये. मेमरी अडकून साचत जाते."

"सोळा वर्षं चाललीय ती!" मी उसळलो. "तुम्हीच काहीतरी केलं असणार."

"तुम्ही दर रविवारी रीस्टार्ट करायचात ना? त्यात सगळं साफ व्हायचं. आता दोन महिने रविवारीही ऑफिस चालू असतं, म्हणून रीस्टार्ट बंद."

रविवारचा रीस्टार्ट ही मी घालून दिलेली शिस्त! येईल त्याला कौतुकानं सांगायचो. शिस्त कसली, माझ्याच चुकीवरचं पांघरूण. 

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. ओळ मीच लिहिली. तासभर मेमरीचा आकडा बघत बसलो. तो वाढला नाही. मग साहेबांकडे गेलो.

"ते सकाळचं पत्र परत द्या. चूक माझी होती."

"अहो, तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायला निघालोच होतो मी." साहेबांनी कोरा कागद पुढे केला. "मग हेही लेखी द्या. पण दिलंत तर दोघांत कोण राहणार, कळतंय ना?"

कळत होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं: ही स्क्रिप्ट माझी आहे.